शाळेचे पटांगण

शाळेचा सुवर्णमहोत्सव आला की स्मरणिका निघते. आणि स्मरणिका निघाली की संस्थापकांची छायाचित्रे, मुख्याध्यापकांची नामावली आणि शालान्त परीक्षेच्या निकालांचे तक्ते तीत ओळीने उभे राहतात. पटांगणाच्या वाट्याला बहुधा दोनच ओळी येतात: कोणत्या साली कोणती ढाल मिळाली, एवढ्याच. वकिलीच्या व्यवसायामुळे जमिनीच्या कागदांशी माझा नित्याचा संबंध. म्हणूनच की काय, कोणत्याही हायस्कुलात गेलो की माझी दृष्टी प्रथम इमारतीपुढील मोकळ्या जागेकडे जाते. डिचोली आणि पेडणे या दोन तालुक्यांपुरते तरी मला असे वाटते की, आपल्या समाजात गेल्या साठ वर्षांत जे मोलाचे परिवर्तन झाले, त्याचा बराच भाग त्या मोकळ्या जागेवर घडला आहे.

डिचोली 1781 साली आणि पेडणे 1788 साली पोर्तुगीज अमलाखाली आले. जुन्या काबिजादीत देवळांची जी वाताहत झाली होती, तिची पुनरावृत्ती नव्या काबिजादीत झाली नाही. देवळे राहिली, आणि देवळांच्या आश्रयाने मराठी अक्षरही राहिले. पणजीचे लिसेव 1854 साली निघाले खरे, परंतु ते पोर्तुगीज भाषेचे आणि राजधानीचे. खेड्यातील मुलाला पंतोजी आणि देवळाची ओसरी हाच आधार होता. 1908 साली पणजीत मुष्टिफंड संस्था स्थापन झाली. मूठमूठ जमवून विद्येचा संसार उभारावयाचा, हा संकल्प तिच्या नावातच आहे. 1910 च्या प्रजासत्ताकानंतर हिंदूंवरील बंधने सैल झाली आणि अशा प्रयत्नांना बळ आले. माझे आजोबा बाराखडी शिकले ते देवळातच. त्या ऋणाची जाणीव आमच्या घरात आजही आहे.

परंतु ऋण मानावयाचे ते पुरते पाहून मानावे. देवळाच्या आवारात कोणी कोठवर यावे, कोणी कोठे बसावे, पालखीला खांदा कोणी द्यावा, हे सारे ठरलेले होते. 1933 च्या देवस्थान कायद्याने तर महाजनांचे हक्क कागदावरही बांधून टाकले. ओसरीवरची शाळा त्या मर्यादेच्या आतच भरणार! अक्षराचे रक्षण देवळाने केले. मात्र ते सर्वांच्या हाती सोपविणे त्या व्यवस्थेला साधले नाही.

ते कार्य 19 डिसेंबर 1961 नंतर झाले. 1963 च्या अखेरीस दयानंद बांदोडकरांचे मंत्रिमंडळ आले आणि गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या. त्यांतून बाहेर पडलेली मुले पुढे कोठे जाणार, या प्रश्नाचे उत्तर म्हणून स्थानिक मंडळींनी संस्था काढल्या, अनुदान मिळविले आणि हायस्कुले उभी केली. इमारतीला चिरा मिळाला, छपराला कौले मिळाली, आणि पुढे तांबड्या मातीचा एक तुकडा मोकळा राहिला. त्या तुकड्यावर ना महाजन, ना मानकरी.

मी तेथे खेळलो तो 1990 नंतरच्या वर्षांत. फुटबॉलचे वेड गोव्यात सर्वत्र असले, तरी आमच्या शाळेचा जीव खो-खोत होता. ज्यांना हा खेळ ठाऊक आहे त्यांना त्याची रीत सांगावयास नको. तरीही एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. आठ गडी एका रांगेत, एक आड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. नववा धावतो. बसलेल्याने आपल्या मर्जीने उठावयाचे नाही. पाठीमागून हात लागला आणि ‘खो’ हा शब्द कानी आला, की मगच उठावयाचे. आमच्या रांगेत महाजनाचा मुलगा होता, त्याच्याच बागायतीतील कुळाचा मुलगा होता, आणि ज्याचे आजोबा देवळाच्या पायरीशीच थांबत, असाही एक होता. हा तिसरा सर्वांत चपळ. त्याचा हात पाठीवर पडताच आम्ही सारे उठत होतो. मास्तरांनी समतेवर व्याख्यान दिल्याचे मला स्मरत नाही. त्यांनी केवळ रांग लावली, आणि ती लावताना कोणाचे आडनाव विचारले नाही. पुढे मुलींचा संघही त्याच मातीत धावू लागला.

कूळ कायदा 1964 साली आला; 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने कुळाला मालक मानले. त्यावरील दावे वर्षानुवर्षे चालले, आणि त्यांतील काही मीही चालविले आहेत. कायदा हक्क देतो. एकमेकांच्या शेजारी बसण्याची सवय मात्र त्याला देता येत नाही. ती सवय आम्हाला पटांगणाने दिली.

आज हे पटांगण निर्धास्त राहिलेले नाही. डिचोलीत 2012 मध्ये खाणी बंद होईपर्यंत खनिजवाहू ट्रकांची धूळ खेळणाऱ्या मुलांच्या छातीत जात होती. पेडण्यात मोपा विमानतळावरून 2023 च्या जानेवारीत विमाने उडू लागली; किनाऱ्यावरील गावांत जमिनीचे भाव तर त्याआधीच चढले होते. अशा काळात मोकळी जागा ही ‘रिकामी’ जागा वाटू लागते. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्याने शाळेला क्रीडांगण आवश्यक मानले आहे. आणि हरियाणातील एका गावाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली, क्रीडांगणाविना शाळा असू शकत नाही, असे सांगून तेथील अतिक्रमण हटविण्यास फर्माविले. तथापि न्यायालय दाराशी आलेल्याचे रक्षण करते. दाराशी जावे लागते ते आपल्यालाच.

2025 च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि पुरुष व महिला अशी दोन्ही विजेतेपदे भारताने पटकावली. तो खेळ आता मॅटवर गेला आहे. जावो बापडा! पण त्याची मुळे आमच्या तांबड्या मातीत आहेत, आणि माती राहिली तरच मुळे राहतील. म्हणून शाळांच्या चालकांना माझी एक विनंती आहे: पुढील स्मरणिका छापावयास देण्यापूर्वी पटांगणाचा एक-चौदाचा उतारा काढून पाहावा, हद्द मोजून घ्यावी, नाव कोणाचे लागले आहे ते तपासावे. संस्थापकांची छायाचित्रे त्यानंतर छापली तरी चालतील.