सुटणारी पकड

जालन्यात जुन्या लोखंडाला फार दिवस जुनं राहू देत नाहीत. ठिकठिकाणचं भंगार ट्रकांनी येतं, औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांत वितळतं आणि सळई होऊन पुन्हा बाहेर पडतं. अशा गावात एखादा मेकॅनिक मुठीएवढा गंजका कॅलिपर वाचवायला अख्खी दुपार घालतो, याचं मला मोठं अप्रूप.

गाडीचं मागचं चाक तापत होतं. ब्रेक लागत होता, पण सुटत नव्हता. त्यानं चाक उतरवलं, हँडब्रेकची केबल सोडवली, ब्रेक ऑइलच्या पाइपाचं तोंड बंद केलं आणि कॅलिपर बाकड्यावर घेतला. पुढच्या चाकाचा पिस्टन दाबला की मुकाट आत जातो. मागच्याची तऱ्हा न्यारी. हँडब्रेकचा स्क्रू त्याच्या पोटातच असल्यानं त्याला बाहेर काढायचं तेही फिरवून आणि आत बसवायचं तेही फिरवून. दांडगाई केली की आतला स्क्रू कामातून गेलाच.

पिस्टन निघाला. डस्ट कव्हर फाटलं होतं तिथं काळ्या मातीची धूळ आणि पावसाचं पाणी शिरून गंजाचं कडं धरलेलं. सिलिंडरच्या खाचेतली रबरी सील त्यानं लाकडी काडीनं उचलली. स्क्रूड्रायव्हर लावला असता तर भिंतीला चरा पडला असता. पेट्रोलला त्यानं हात लावला नाही, त्यानं रबर फुगतं. सगळं धुतलं ते ताज्या ब्रेक ऑइलनं.

खरी गंमत त्या चौकोनी काठाच्या सीलमध्ये आहे. पेडल दाबलं की पिस्टन पुढे सरकतो आणि सील त्याच्याबरोबर किंचित वाकते. पाय उचलला की ती पूर्वपदावर येते, येताना पिस्टनलाही केसभर मागे ओढते. पकडायचं काम लोखंडाचं, सोडवायचं रबराचं. आणि बिघडतं ते बहुधा हे स्वस्तातलं रबरच.

११ डिसेंबर २०२२ पासून जालन्याच्या दाराशी समृद्धी महामार्ग आहे. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा. ऐंशीवरून एकशेवीसवर गेलं की वेग दीडपट होतो, पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोन पट. त्यात ऑइल जुनं असलं तर संपलंच. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ ऑइल कोरं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर ती हद्द १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळून वाफ झाली की पेडल पोकळ लागतं.

म्हणून नवी सील, नवं कव्हर, पिनांना ब्रेकचं ग्रीस, ताजं ऑइल आणि शेवटी पेडल मारमारून काढलेली हवा. यातलं एकही काम टाळता येत नाही.

ब्रेक लागतो का, हे सगळेच बघतात. लांबच्या प्रवासाआधी एकदा पुढच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक सोडा, मागचं चाक जॅकवर घ्या आणि हातानं फिरवून तो सुटतोय का, तेही बघा.