जातां जाईना

निरुपयोगी वस्तूंचा त्याग विरक्ताला फारसा जड जात नाहीं, कारण त्याला सर्वच वस्तू सारख्या. निवड करावी लागते ती संसारी माणसाला. दिवाळीच्या आधल्या आठवड्यांत माळ्यावरचा पत्र्याचा डबा हातीं घेऊन, हा ठेवावा कीं भंगारवाल्यास द्यावा, या विचारांत अर्धा तास घालविणारे गृहस्थ घरोघर सांपडतील. आणि ज्याच्या घरीं संगणक आहे, त्याच्यावर तर हा प्रसंग वर्षांतून अनेकदां येतो.

आमच्या मुलुंडच्या घरांतील संगणकाची जागा गेल्या पावसाळ्यांत संपत आली. अशा वेळीं लोक सफाईचा एखादा तयार प्रोग्राम आणतात, तसा आम्हींही आणला. कळ दाबली कीं तो सर्व कप्पे धुंडाळून तात्पुरत्या फाइली, जुन्या नोंदी, अर्धवट उतरलेलीं चित्रें गोळा करतो व काढून टाकतो. पहिल्या दिवशीं त्यानें बरीच जागा मोकळी केली आणि शेवटीं नम्रपणें कळविलें कीं, चौदा फाइली काढतां आल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं पुन्हां चौदा. तिसऱ्या दिवशींही चौदाच. ‘उद्यां निघतों’ असें रोज सांगून रोज पानावर बसणाऱ्या पाहुण्यासारख्या त्या चौदाजणी मुक्काम ठोकून होत्या.

माझा भाचा घाटकोपरला राहतो; या विद्येंत त्याची गति चांगली आहे. यादी पाहून तो म्हणाला, “मामा, या फाइली दुसऱ्या कुठल्यातरी प्रोग्रामनें उघडून धरल्या आहेत. त्यानें सोडल्याशिवाय विंडोज त्या काढूं देत नाहीं.” हें स्पष्टीकरण मुंबईकरास पटण्यास वेळ लागत नाहीं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या छायेंत वाढलेल्या या शहराला कबजा म्हणजे काय, हें शिकवावयास नको. ज्याचें बिऱ्हाड आंत आहे त्याला हलवितांना घरमालकाच्याही नाकीं नऊ येतात. युनिक्स घराण्यांतील यंत्रांची रीत निराळी आहे. तेथें उघडी फाइलही काढतां येते. दारावरची पाटी तत्काळ उतरते, पण बिऱ्हाड मात्र शेवटचा मनुष्य बाहेर पडेपर्यंत आंतच राहतें. ही रीत अधिक सभ्य खरी, परंतु तिच्यांत थोडी फसवणूकही आहे असें मला वाटतें. एरवींही ‘काढून टाकली’ याचा अर्थ पुष्कळदां सूचींतील नोंद खोडली, इतकाच असतो. जुन्या फिरत्या तबकडीवर तो मजकूर, त्याच्यावर दुसरा लिहिला जाईपर्यंत, तसाच पडून राहतो.

धरून ठेवलेल्या फाइलींवर एक उपाय आहे. यंत्र पुढच्या वेळीं सुरू होतांना, इतर कोणीही जागें होण्यापूर्वीं, त्या काढाव्या अशी चिठ्ठी प्रोग्राम लिहून ठेवूं शकतो. आमच्या प्रोग्रामनें ती लिहिलीही होती. संगणक रोज रात्रीं बंद होत होता, रोज सकाळीं सुरू होत होता, आणि तरीही चिठ्ठी कोणी वाचीत नव्हतें! याचें कारण मोठें मौजेचें निघालें. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून यंत्रें लवकर सुरू व्हावीं म्हणून एक युक्ति योजिलेली आहे. ‘शट डाउन’ म्हटलें कीं यंत्राचा मुख्य कारभारी कामावरून उतरत नाहीं. आपली सारी स्थिति तबकडीवर लिहून ठेवून तो डुलकी घेतो आणि सकाळीं तेथूनच पुढें चालूं लागतो. खरी नवी सुरुवात होते ती ‘रीस्टार्ट’ म्हटल्यावर. बंद होणें आणि संपणें यांतील हा भेद मुलुंडकरांस नवा नाहीं. १९६७ सालीं सुरू झालेलें आमचें कचऱ्याचें मैदान २०१८ सालीं बंद झालें. पण बंद झालें तेव्हां साचलेला सुमारें ७० लाख टनांचा डोंगर जागच्या जागींच होता.

भाच्यानें ‘रीस्टार्ट’ दाबलें व अकरा फाइली गेल्या. दोन विषाणुरोधक प्रोग्रामच्या होत्या. त्या आम्हीं राहूं दिल्या. शेजारच्या एका सद्गृहस्थांनीं याहून कडक साधन सुचविलें होतें. पण झाडूवाल्याच्या हातीं सगळ्या किल्ल्या देण्यापूर्वीं मी दोनदां विचार करतों. सीक्लीनर हें सफाईचें साधन जगभर नांवाजलेलें. २०१७ च्या ऑगस्टमध्यें त्याच्याच ५.३३ या आवृत्तींत चोरट्यांनीं आपला घातक भाग घुसविला, व तो सुमारें २२.७ लाख यंत्रांत जाऊन बसला.

राहतां राहिली एक. तिचें नांव म्हणजे कांहीं इंग्रजी अक्षरें, चार आंकडे व शेवटीं ‘टीएमपी’ ही शेंडी. तिला कोणी धरलेलें नव्हतें. तरी ती जाईना, कारण ती माझी नव्हती. अण्णांचें, म्हणजे माझ्या वडिलांचें, या संगणकावर स्वतंत्र खातें होतें. २०१९ सालीं ते गेले, खातें राहिलें. फाइलीची मालकी त्या खात्याकडे होती व ती काढण्याचा अधिकार माझ्या खात्यास नव्हता.

“मालकी घ्यावी लागेल, मामा,” भाचा म्हणाला. विंडोजमध्यें या आज्ञेचें नांवच तसें आहे. त्यानें बोट कळेवर नेलें आणि मागें घेतलें. “काढण्याआधीं आजोबांनीं काय लिहिलंय तें पाहूं का?”

उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा नुसता खिचडा दिसला. भाचा निराश झाला, पण माझ्या पिढीला ही खूण ठाऊक आहे. देवनागरीला युनिकोडमध्यें १९९१ सालींच स्थान मिळालें. तरी त्यानंतर कित्येक वर्षें मराठी टंकलेखन आपापल्या निराळ्या संकेतांच्या टंकांतून चालत असे. तो टंक यंत्रावर नसला कीं उत्तम मराठी गद्यही असें वेड्यासारखें बरळूं लागतें. अण्णा पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपि वापरीत. तो टंक बसवितांच पडद्यावर त्यांचीं वाक्यें उभीं राहिलीं.

तें त्यांच्या आठवणींचें लिखाण होतें. त्याचीं नऊ पानें छापून कपाटांत ठेवलेलीं आहेत आणि आम्ही तेवढेंच पुरें समजत होतों. येथें तेरा निघालीं. अधिक चार पानांत १९५७ चें मुलुंड होतें, तें बृहन्मुंबईंत सामील झालें त्या वर्षींचें. पूर्वेच्या मिठागरांवर फिरावयास जाण्याच्या वाटा होत्या. आणि माझ्या आत्याच्या लग्नांतील एक भांडण होतें, जें आम्हांस कोणी कधीं सांगितलें नव्हतें. लिहितां लिहितां बहुधा वीज गेली असावी. वर्डनें आपल्यापुरती करून ठेवलेली ती प्रत मागें राहिली. कोणी विचारलें नाहीं, म्हणून तिनें सांगितलें नाहीं.

भाच्यानें मजकूर युनिकोडमध्यें उतरवून दिला. मुद्रितें मी तपासलीं. अण्णांचें शेवटचें वाक्य ‘त्या वर्षीं मिठागरांत पाणी’ एवढ्यावरच तुटलें आहे. मी तें आईला वाचून दाखविलें आणि म्हटलें, “शिरलें, असेंच असणार.”

“शिरलें नाहीं,” आई म्हणाली. “उशिरा आलें. मीठ धरलंच नाहीं त्या वर्षीं. तें सांगत असत ते नेहमीं.”