धुकं बाहेर नव्हतं

गेल्या डिसेंबरात निफाडहून एक लग्न आटोपून आम्ही रात्री नाशिकला परतत होतो. गाडी बाबा चालवत होते. समोरून ट्रक आला आणि त्यांनी करकचून ब्रेक दाबला.

"धुकं फार आहे रे."

मी बाहेर पाहिलं. आभाळात चांदण्या स्वच्छ दिसत होत्या.

डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं: मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत.

बाबा ऑपरेशनला घाबरत होते. घरी येऊन मी काचेच्या ग्लासात मीठ-पाणी घेतलं, दिवे घालवले आणि बाजूने मोबाईलचा टॉर्च मारला. पाण्यात प्रकाशाची वाट दिसेना. मिठाचे आयन इतके बारीक, की प्रकाश जवळपास सरळ निघून जातो. मग दुसऱ्या ग्लासात साधं पाणी घेऊन चार थेंब दूध टाकलं. लगेच झोत उजळला. बाजूने निळसर, समोरून पाहिलं तर पिवळट. दुधातले प्रथिनांचे आणि स्निग्धांशाचे कण प्रकाश चहूकडे उधळतात, त्यातले बारीक कण निळा जास्त. शाळेत हाच 'टिंडल परिणाम' मी दोन मार्कांसाठी पाठ केला होता. कलिल, विकिरण, पुढचा प्रश्न. जॉन टिंडलने 1869 च्या सुमारास हवेतल्या सूक्ष्म कणांवर असेच झोत टाकून पाहिले होते.

"तुमच्या डोळ्यात हेच झालंय," मी म्हटलं. डोळ्याच्या भिंगात प्रथिनं ठासून भरलेली असतात, पण त्यांची मांडणी इतकी सारखी असते की भिंग पारदर्शक राहतं. वयानुसार त्यांच्या गुठळ्या होतात आणि प्रकाश विखुरतो. म्हणून एका हेडलाइटने अख्खा रस्ता पांढरा होतो.

बाबा बराच वेळ ग्लास फिरवत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे दूध बदलायचं."

"भिंगच बदलायचं."

मी पुण्यात कोड लिहितो. बग शोधण्याचा पगार घेतो. वर्षभर बाबा व्हिडिओ कॉलवर म्हणत होते, "तुझा कॅमेरा पुसत जा." आणि मी दर वेळी इमानदारीने कॅमेरा पुसत होतो.

दोन्ही ऑपरेशनं झाली. परवा कॉल लावला, तर ते स्क्रीनजवळ येऊन क्षणभर बघत राहिले.

"डोळे लाल झालेत तुझे. झोपत नाहीस का?"

कॅमेरा त्या दिवशी पुसलेला नव्हता.