टाके घालणाऱ्या विकरास अनावृत पत्र

छत्रपती संभाजीनगर

लायसिल ऑक्सिडेज यास,

आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जालना, बीड, परभणी, हिंगोलीहून माणसं येतात. गालाची, जिभेची, हिरडीची गाठ घेऊन आलेले त्यांत पुष्कळ असतात. हे कशानं झालं असं विचारलं तर कुणी तंबाखूचं नाव घेतं, कुणी गुटख्याचं, कुणी नशिबाचं. तुझं नाव कुणालाच ठाऊक नसतं. या शहरातल्या कॅन्सरची नोंद १९७८पासून ठेवली जाते आणि पुरुषांत तोंडाचा कॅन्सर वरच्या क्रमांकांवर असतो. अशा शहरानं तुला ओळखायला हवं, म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहितो आहे.

आधी तुझं ऋण मान्य करतो. पेशींच्या बाहेर कोलॅजन आणि इलॅस्टिनचे धागे पसरलेले असतात. त्यांतल्या लायसिन या अमिनो आम्लात तू असा बदल घडवतोस की शेजारशेजारचे धागे एकमेकांना कायमचे जोडले जातात. गोधडीतल्या चिंध्या जागेवर राहतात त्या टाक्यांमुळे. आमची हाडं, कातडी आणि रक्तवाहिन्या शाबूत राहतात त्या तुझ्यामुळे. स्वीट पी या शोभेच्या वेलीच्या बियांत तुला रोखणारं रसायन असतं. त्या बिया खाऊ घातलेल्या प्राण्यांची हाडं वाकतात, महाधमनी फुटते. तू नसलास तर काय होईल ते एवढ्यावरूनच कळतं. १९६८ साली पिनेल आणि मार्टिन यांनी हाडाच्या अर्कात तुझं काम प्रथम दाखवून दिलं. तांब्याच्या अणूवाचून ते काम चालत नाही, हेही पुढे उमगलं.

हे तांबंच आम्ही तुला नको तिथे पुरवलं. सुपारीत ते भरपूर असतं. दिवसभर गालात सुपारी धरणाऱ्याच्या तोंडात ते झिरपत राहतं. सुपारीतलं अरेकोलिन तंतू बनवणाऱ्या पेशींना उत्तेजन देतं आणि तिच्यातलं टॅनिन जुनं कोलॅजन विरघळू देत नाही. धागे वाढतात, मोडत नाहीत आणि वर तुझे टाके पडत जातात. अशा आजारी गालाच्या तुकड्यांत तू नेहमीपेक्षा जास्त असतोस, हे १९९०च्या दशकात संशोधकांनी तपासून सांगितलं. माणसाला मात्र एवढंच कळतं की ठेचा झोंबायला लागला. मग गालात पांढरे पट्टे दिसतात, गाल ताठरतो आणि एक दिवस तोंडात तीन बोटं उभी मावेनाशी होतात.

डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळूतल्या अशाच घट्टपणाचं वर्णन १९५३ सालीच करून ठेवलं होतं. मुंबईत वसंत खानोलकर आणि सत्यवती सिरसाट यांनी अरेकोलिनचा उंदरांच्या तोंडावरचा परिणाम तपासला, तो १९६२ साली प्रसिद्ध झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधकांनी एर्नाकुलममधल्या, तोंडात असा घट्टपणा आलेल्या रुग्णांचा १७ वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा त्यांतल्या ७.६ टक्के लोकांना तोंडाचा कॅन्सर झालेला आढळला. इशारे आमच्याच मातीतून, फार आधी आलेले होते.

गाठ झाल्यावर तुझं दुसरं काम सुरू होतं. वाढत्या गाठीच्या आत रक्त पुरेसं पोचत नाही, ऑक्सिजन कमी पडतो. त्या टंचाईत पेशी जी जनुकं चालू करतात, त्यांत तुझंही असतं. २००६ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की स्तनाच्या आणि डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या ज्या रुग्णांमध्ये तू जास्त होतास, त्यांच्यात रोग दूरच्या अवयवांत जास्त पसरला आणि ते कमी जगले. तुझ्यामुळे पेशींना आपल्या जागेवरून निघून पुढे सरकायला मदत होते. उंदरांवरच्या पुढच्या अभ्यासात तर तू स्तनाच्या गाठीतून निघून फुप्फुसात साठलेला दिसलास, कॅन्सरच्या पेशी तिथे पोचण्याआधीच त्यांची जागा तयार करत.

मग तुलाच का थांबवत नाही, असं वाचणाऱ्याला वाटेल. स्वीट पीतलं ते रसायन माणसाला देता येत नाही, ते फार विषारी आहे. तुझ्या कुळातल्या एका भावाविरुद्ध बनवलेलं औषध रुग्णांवर वापरून पाहिलं, ते अपेक्षेला उतरलं नाही. नव्या औषधांवर काम सुरू आहे. आज रुग्णाच्या हातात मात्र तुझ्यावरचं औषध नाही. तोवर शस्त्रक्रियेचाच आधार. तोंडाचा कॅन्सर बहुधा आधी मानेतल्या लसिकाग्रंथींत उतरतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी लवकरच्या टप्प्यातल्या रुग्णांचा अभ्यास केला. मानेत गाठ लागत नसतानाही पहिल्याच शस्त्रक्रियेत त्या ग्रंथी काढल्या, तेव्हा ३ वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. मानेत गाठ येईपर्यंत थांबलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षानं जगभरातल्या शल्यविशारदांना दिशा दिली.

म्हणजे तू एकदा कॅन्सरच्या कामी लागलास की आम्ही तुझ्या मागे धावत राहतो. पण त्याआधी तू आम्हाला पुष्कळ वेळ देतोस, कधी कधी वर्षानुवर्षं. तो वेळ आम्ही वाया घालवतो, याचं मला मनापासून दुःख होतं. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, तरी मावा मळला जातो, गोड सुपारीच्या पुड्या पोरांच्या खिशात असतात. 'नुसती सुपारी खातो, तंबाखू नाही' हे वाक्य आपल्या घराघरांत अभिमानानं बोललं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ सालीच सांगितलं आहे की तंबाखूशिवायची सुपारीही कॅन्सरला कारण होते.

तू घातलेले टाके सुपारी सोडल्यानं उसवत नाहीत. पण पुढचे टाळता येतात आणि तोंडावर नजर ठेवता येते. म्हणून तुझ्या नावे लिहिलेल्या या पत्रात मागणं आहे ते माझ्या शहराकडे आणि मराठवाड्याकडे. घरात कुणाला तिखट सोसेनासं झालं, तर 'तोंड आलंय' म्हणून तूप लावून गप्प बसू नका. तीन बोटं उभी घालून बघा. मावली नाहीत तर त्याच आठवड्यात घाटी रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय गाठा. शाळांनी पोरांची तोंडं वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावीत. आणि पाहुण्यापुढे पानसुपारीचं तबक सरकवताना, ते आपल्या मुलापुढेही ठेवू का, हा प्रश्न प्रत्येकानं स्वतःला विचारावा.

कळावे,
छत्रपती संभाजीनगरचा एक रहिवासी