चौकशीअंती

महसूल खात्यात तलाठी म्हणून माझी नेमणूक पनवेल तालुक्यातील आपटा येथे झाली, तेव्हा गाव वाईट म्हणून नव्हे, तर ते नगर नव्हे म्हणून मी खिन्न झालो. ज्या अहमदनगरात १८३१ पासून मिशनचे कार्य चालत आलेले, जेथे आमच्या चार पिढ्या देवळाच्या घंटेवर उठल्या आणि कीर्तन-भजनांत वाढल्या, तेथून आलेल्या माणसाला रविवारच्या उपासनेसाठी पॅसेंजरची वाट पाहत फलाटावर बसावे लागणे हा वनवासच वाटे. म्हणून आंतरजिल्हा बदलीचा एक अर्ज मी सरकारदरबारी केला, आणि त्याचीच दुसरी प्रत, म्हणावे तर, रोज पहाटे पाताळगंगेच्या काठी गुडघे टेकून परमेश्वराच्या हुजुरात दाखल करू लागलो.

माझी ती प्रार्थना आता आठवली की हसू येते. विषय, कारणे, वृद्ध आईची प्रकृती, मुलांचे शिक्षण असा सारा मसुदा मीच तयार करी. देवाकडे काम उरे ते केवळ सहीचे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत पित्याचीच इच्छा पृथ्वीवर चालावी ही जी मागणी आहे, ती मी कारकुनाने शिक्का मारावा तशी उरकून पुढे सरके. एकदा तर कोकणातल्या माणसाने देवाला कौल लावावा तसे डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडले आणि बोट ठेवले. ते पडले गणनेच्या पुस्तकातील वंशवार शिरगणतीवर. तलाठ्याला त्यातून कसला कौल मिळायचा?

वैशाखातही ही नदी आटत नाही, कारण वर लोणावळे-वळवणच्या धरणांत अडवलेले पाणी नळांतून घाटाखाली उतरते आणि खोपोलीच्या वीजघरातील चक्रे फिरवून तिच्या पात्रात येते. १९१५ पासून हे चालले आहे. एरवी इंद्रायणी, भीमा, कृष्णा असे पूर्वसमुद्राला गेले असते ते पाणी असे पश्चिमेला वळलेले पाहून मी मनाशी म्हणे, माणसांनी जर नदी वळवली तर देवाला एक बदलीचा हुकूम वळवणे काय जड! स्वतःला सोयीचा अर्थ काढण्यात भाविक माणूस मोठा तरबेज असतो.

एका पहाटे, ज्या दिवशी रजा टाकून अलिबागला एका अधिकाऱ्याच्या शिफारशीसाठी जाण्याचा माझा बेत होता, प्रार्थना नेहमीपेक्षा लांबली. आणि डोळे उघडले तो चार हातांवर एक वृद्ध कातकरी बाई दगडावर बसलेली. मी त्रासून पाहिले.

"होऊं द्या, भाऊसाहेब, तुमचं देवाशी बोलणं होऊं द्या," ती म्हणाली. "मी बसलेय. न्हाईतर उद्या येईन."

दुधाच्या रिकाम्या पिशवीतून तिने एक कागद काढला. नातवाच्या जातीच्या दाखल्याचा तो अर्ज. घड्यांवर विरलेला, आणि कोपऱ्यात माझ्याच हातचा शेरा: 'चौकशीअंती'. तारखेला साडेचार महिने झाले होते. चौकशी करायची ती मीच, आणि वाडी होती टेकडीपलीकडे तासाभराच्या चालीवर. आपला अर्ज दोन वर्षे पडून आहे म्हणून देवापाशी रोज गाऱ्हाणे घालणारा मी, आणि माझ्यापाशी पडून राहिलेली ही बाई! तिच्या स्वरात तक्रारीचा मागमूसही नव्हता, तेच अधिक लागले.

एस. टी. चुकवली. ती रजा वाडीवरच खर्ची पडली. जबाब घेतले, पंचांचे अंगठे घेतले, आणि परत येताना आईच्या तोंडून शंभरदा ऐकलेली पंडिता रमाबाईंची हकीकत प्रथमच खऱ्या अर्थाने उमगली. केडगावची जमीन बाईंनी घेतली होती ती फळबाग लावून तिच्या उत्पन्नावर शारदासदन चालवावे म्हणून. पण १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या भुकेल्या मुलींना त्याच जमिनीवर आसरा द्यावा लागला आणि तेथे मुक्तिसदन उभे राहिले. बाईंनी प्रार्थना केली नव्हती असे थोडेच आहे? पण दाराशी आलेल्या मुलींपुढे आपला बेत बाजूला ठेवण्याची त्यांची तयारी होती, माझी नव्हती.

त्यानंतर मी प्रार्थनेत मागणे सोडले असे नाही, कारण गेथशेमानेच्या बागेत प्रभूनेही आधी मागितलेच होते. मात्र मागून झाल्यावर उठायची घाई सोडली. काही वेळ नुसते गप्प बसायचे, आणि आज आपल्या टेबलावर कोणाचे काय अडले आहे ते एकेक आठवायचे, एवढाच फरक. आकाशवाणी कधी झाली नाही. बहुधा एखादे गावकऱ्याचे नाव आठवे, एखादी राहून गेलेली नोंद आठवे. पहिले कित्येक महिने तेही जड जाई, आणि मन हळूच नगरच्या वाटेला लागे.

अहवाल तिसऱ्या दिवशी तालुक्याला गेला आणि जूनपूर्वी मुलाला दाखला मिळाला. माझ्या बदलीच्या अर्जावर मी पुन्हा स्मरणपत्र पाठवले नाही. तो परतही घेतला नाही. सेवानिवृत्त झालो तो रायगड जिल्ह्यातूनच, आणि उपासनेला आजही पॅसेंजरनेच पनवेलला जातो.