दोघींचा प्रवासखर्च

तंजावूरच्या राजवाड्यात पोचले तेव्हा परिषदेचं ओळखपत्र गळ्यात तसंच होतं. त्रिचीला सार्वजनिक आरोग्यावरची तीन दिवसांची परिषद होती. शेवटची दुपार मोकळी मिळाली, म्हणून बस पकडून इकडे आले. ओळखपत्रावर माझं नाव. काम मात्र निम्म्याहून जास्त आमच्या आशाताईंचं.

ताई बीड जिल्ह्यातल्या. गावातली कुटुंबं ऊसतोडीला निघाली, की कोणती गरोदर बाई कोणत्या कारखान्यावर गेली, तिला कितवा महिना, लोहाच्या गोळ्या किती दिल्या, हे त्या एका शाळकरी वहीत लिहून ठेवतात. आमचा निबंध त्या वहीवरच उभा होता. परिषदेने प्रवासखर्चही मंजूर केला, तोही दोघींचा. अट एवढीच, की तिकीट स्वतः काढायचं, परतल्यावर बिलं जोडायची, पैसे नव्वद दिवसांत. पत्र हातात पडलं तोवर रेल्वेची आरक्षणं भरून गेली होती. विमान आणि राहणं मिळून माणशी पंचवीस-एक हजार आधी घालायचे. ताईंचं मानधनच थकलेलं. "तुम्ही जा मॅडम, वही घेऊन जा," म्हणाल्या. मी वही घेतली. माझ्या क्रेडिट कार्डावर दोन तिकिटं निघाली असती, हे विमानात बसल्यावर सुचलं. खरं सांगायचं तर आधीही सुचलं होतं. पण नव्वद दिवस म्हणजे किती, ते मलाही ठाऊक होतं.

राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. दुसऱ्या सरफोजींनी तंजावरात धन्वंतरी महाल चालवला. तिथल्या डोळ्यांच्या रुग्णांची टिपणं, डोळ्यांच्या चित्रांसह, अजून शिल्लक आहेत. मला मात्र आठवत होतं ते त्यांचं १८०१ सालचं पत्र. १७९९ मध्ये राज्य कंपनीकडे गेलं होतं. मग निदान छत्रांचा कारभार तरी आपल्याकडे राहावा, म्हणून राजांनी रेसिडेंटला लिहिलं. रामेश्वरच्या वाटेवरच्या या छत्रांत ब्राह्मणापासून परयापर्यंत येईल त्या वाटसरूला भात मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी राहिलं आहे का, म्हणून पुकारा होई. प्रत्येक छत्रात वैद्य असे. वाटेत आजारी पडलेल्याला बरं होईपर्यंत औषध आणि पथ्याचं अन्न मिळे. पंगती एकच असतील असं मी मानत नाही. पण आधी स्वतःच्या पैशाने जेवा आणि मग पावती दाखवा, असं त्या पत्रात कुठे नाही.

त्यातलं ओरत्तनाडूचं छत्र मुक्तांबाळच्या नावाचं. त्या नावावरून मला आमच्या शेजारच्या जामखेडच्या मुक्ताबाई पोळ आठवतात. आरोळे दांपत्याच्या प्रकल्पातल्या या ग्रामआरोग्यसेविका १९८८ साली वॉशिंग्टनच्या आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातली झुंबरं म्हणजे डॉक्टर, महाग आणि लांबची, असं सांगून त्यांनी पिशवीतून वातीचे दिवे काढले आणि एकावर दुसरा पेटवून दाखवला. ते भाषण आजही सांगितलं जातं. मुक्ताबाईंनी विमानाचं तिकीट आधी पदरचं काढून मग बिलं जोडली असतील, असं मला वाटत नाही.

त्रिचीला मला एकच प्रश्न आला. एका डॉक्टरांनी विचारलं, मुकादमाने फोन उचलला नाही तर ती बाई सापडते कशी? वहीच्या शेवटच्या पानावर पुष्कळ नंबर होते. त्यांच्याकडे बोट दाखवून मी म्हटलं, मुकादम उचलतात.

आवारातल्या झाडाखाली बसून ताईंना फोन लावला आणि हे सांगितलं. त्या हसल्या. "मुकादमाचे नाहीत हो ते. कोप्यांजवळच्या किराणा दुकानांचे आहेत. उधारी त्याच्याकडे असते ना, कोणती बाई कोणत्या फडात गेली ते त्याला बरोबर माहीत असतं. मुकादम कशाला सांगतोय!"

मी काही बोलले नाही.

"तुम्ही तिथं दुकानाचंच सांगितलं ना, मॅडम?"