पुढच्या दोन सीटांवरचा संसार

बरोबर कुत्री असली की कोकणातल्या हॉटेलांची यादी निम्म्याहून अधिक आपोआप गळते, आणि ते चांगलंच होतं. फोनवर ‘आमच्यासोबत दोन कुत्री आहेत’ म्हटलं की पलीकडचा अगत्याचा सूर एकदम कोरडा पडतो. मग उरतात ती घरगुती ठिकाणं. मागे नारळी-पोफळीची वाडी, पुढे सारवलेलं खळं, आणि एकच प्रश्न विचारणारी आजी : “भात खातात ना हो?” भात खाणारा जीव तिच्या हिशेबी पाहुणाच.

चिंगी गावठी, तरतरीत, तपकिरी. बंड्या म्हातारा लॅब्रॅडॉर, मागच्या पायांनी अधू. मागची अख्खी सीट त्यांची. माझा आणि नवऱ्याचा संसार पुढच्या दोन सीटांवर आणि पायाशी कोंबलेल्या पिशव्यांत.

मुंबई-गोवा महामार्गाने आम्ही जात नाही. किनाऱ्याकिनाऱ्याने निघालं की खाड्या आडव्या येतात. आगरदांडा-दिघीला राजपुरीची खाडी, बागमांडला-वेश्वीला सावित्री, दाभोळ-धोपाव्याला वाशिष्ठी, तवसाळ-जयगडला शास्त्री. दर वेळी रांगेत थांबायचं आणि गाडी जंगलजेटीत, म्हणजे फेरीबोटीत, चढवायची. घाईच्या माणसाला हा रस्ता छळतो. कुत्र्यांना मात्र दर खाडीला पाय मोकळे करायला मिळतात, वर खारा वारा. बंड्याला उतरवायचं म्हणजे एकाने छातीखाली हात घालायचा, दुसऱ्याने पोटाखाली. उन्हात बोटीचा पत्रा असा तापतो की आधी सावली शोधावी लागते. घरी गॅसचं बटण कोणी बंद करायचं यावरून वाद घालणारे आम्ही दोघं या कामात एक शब्द बोलत नाही, तरी सगळं वेळेवर होतं. बोटीवरचा पोरगा लांबूनच विचारतो, “चावत नाय ना?” आणि बोट पलीकडे लागेपर्यंत तोच बंड्याचे कान खाजवत बसलेला असतो.

हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो. आम्ही समोर पाण्यातला सुवर्णदुर्ग बघत होतो. चिंगीने किल्ल्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कोळंबीच्या टोपल्या, म्हाकुलांचा ढीग, बर्फाचं वितळून वाहणारं पाणी, बैलगाडीच्या चाकाला लागलेला चिखल : प्रत्येक वासापाशी ती थांबली. तिच्यामागून फिरताना मला ते बंदर जितकं दिसलं, तितकं एकटीने फिरताना कधीच दिसलं नसतं. आपण प्रवासात फोटो काढतो. तिने हर्णै नाकात भरून घेतलं.

समुद्र मात्र कुत्र्यांना सगळाच मानवत नाही. खारं पाणी प्यायलं की उलट्या-जुलाब होतात, म्हणून गोड्या पाण्याचा कॅन गाडीत सर्वांत वर. भरतीने टाकलेला मेलेला केंड मासा तर विषारीच. फुगलेला काटेरी गोळा वाळूत दिसला की कुत्र्याला आधी मागे ओढायचं, मग समुद्र बघायचा.

आणि वेळास. ऑलिव्ह रिडले कासविणी रात्री इथे वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि लाटांत परततात. ती अंडी माणसं चोरत, कोल्ही-कुत्री उकरून खात. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांसह ती वाचवण्याचं काम हाती घेतलं. तेव्हापासून अंडी कुंपणाआड सुरक्षित पुरली जातात आणि पिल्लं निघाली की समुद्रात सोडतात. चिंगीला जे नाक हर्णैला सुख देतं, तेच इथे घरटं हुडकून काढील. त्यात तिचा दोष नाही, पण कासवांचाही नाही. त्या किनाऱ्यावर ती क्षणभरही मोकळी सुटली नाही. रागावून तिने माझ्याकडे पाठ केली आणि हट्टाने वाळूत बसली. बंड्या तर झोपलाच.

कुत्री घेऊन कोकणात जरूर जा, त्यांच्या तालाने हिंडा. फक्त हिवाळ्यापासून उन्हाळा सरेपर्यंत वेळास, केळशी, आंजर्ले, गुहागर, कुठल्याही पुळणीवर उतरण्याआधी गावात कासवांची चौकशी करा, आणि पट्टा हातातून सोडू नका.